पहिल्या पानावरची बादली

मिनिआपोलिस,
९ जानेवारी

ती. लेम्पीआत्यास,
कायसाचा सा. न. वि. वि.

पाकीट हातात पडताच तू आधी तिकिटावर शिक्का नीट उमटलाय का ते बघितलं असशील, आणि मग पोचून चार दिवस झाले तरी खुशालीचा कागद नाही म्हणून मला दोन शिव्या हासडल्या असशील. पोचले. तू बांधून दिलेला निसू पाव ड्युलुथ यायच्या आतच संपला. पुढे घरापर्यंत गाडीत नुसता वेलदोड्याचा वास होता, त्याच्यावर दिवस काढले.

आता कामाचं. नाताळात तुझ्या स्वयंपाकघरात तू आणि बाबांनी जी पैज मारलीत, ती मी इथे आल्यावर कागदावर उतरवून ठेवली आहे, म्हणजे उद्या कुणी हात वर करायला नको. आजोबांचं दुकान तुम्हा दोघा भावंडांच्या नावावर. बाबा म्हणतात की तू चौऱ्याहत्तरीची झालीस, कोस्कीलात माणसांपेक्षा हरणं जास्त उरली, तेव्हा दुकान बर्फावरच्या गाड्या विकणाऱ्या त्या स्नोमोबाइलवाल्याला विकून टाकावं आणि तू अ‍ॅरिझोनात, मेसाला, त्यांच्याकडे राहायला जावं. तू म्हणालीस की मेसाला जाण्यापेक्षा गोठलेल्या तळ्याला भोक पाडून आत शिरेन. मी मधे तोंड घातलं, की दुकान ऑनलाइन नीट चाललं तर? मग ठरलं ते असं: २१ जूनला, भर उन्हाळ्याच्या सणाची, युहानुसची, शेकोटी पेटते त्या दिवशी, बाबा मेसातल्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर ‘सौना बादली’ असं शोधतील. आपलं दुकान पहिल्या पानावर, म्हणजे पहिल्या दहांत दिसलं, तर ते विक्रीचं नाव पुन्हा काढणार नाहीत. नाही दिसलं, तर तू मुकाट्याने सही करायचीस आणि त्यांनी तुझ्यासाठी जर्दाळू रंगाने रंगवून ठेवलेल्या खोलीत जाऊन बसायचंस. तोवर बाबांनी आपलं दुकान एकदाही उघडून बघायचं नाही.

लोकांची दुकानं सर्चमध्ये वर आणणं हेच माझं पोटापाण्याचं काम, तेव्हा या बाबतीत माझं ऐक. दुकान ऑनलाइन टाकायचं तर फक्त सौनाचं, आपल्या फिनिश वाफेच्या न्हाणीघराचं. आर्वो निस्कालाच्या हातच्या देवदारी बादल्या, लांब दांड्याच्या पळ्या, बर्चच्या पानांच्या जुड्या, बसायचे पाट. मोजून चौदा वस्तू, पंधरावी नको. वाटसरूने चांगली खिम्याची पेस्टी कुठे मिळेल म्हणून विचारलं, तर तू त्याला पेट्रोलपंपावर पाठवत नाहीस, तिथल्या काचेच्या पेटीत पेस्टी असली तरी. जिच्या घरी दुसरं काही शिजतच नाही तिच्याकडे पाठवतेस. सर्चचंही तसंच आहे. सगळं विकणारी अवाढव्य दुकानं आधीच वर ठाण मांडून बसली आहेत, त्यांच्या रांगेत आपण छोटं ‘सगळं’ घेऊन उभे राहिलो तर कुणी ढुंकूनही बघणार नाही.

आर्वोंना नमस्कार सांग. सकाळी सातलाच येतात ना अजून?

पुढच्या पत्रापर्यंत माया आणि राग दोन्ही जपून ठेव.
तुझी,
कायसा

————

कोस्कीला, मिशिगन,
१७ जानेवारी. आज फूटभर बर्फ

चि. कायसास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. शिक्का नीट होता. तू फोनवर बोलायच्या ऐवजी पत्र लिहितेस याचं मला फार बरं वाटतं. गावाच्या पोस्टाचा काउंटर माझ्याच दुकानात आहे, तो चालू राहायचा तर कुणीतरी तिकिटं चिकटवायला नकोत का? दुकान गेलं की काउंटर गेला, मग हेल्वीसारख्या म्हातारीने बावीस मैलांवर जाऊन पाकीट टाकायचं. हे तुझ्या बापाला चार वेळा सांगितलं. तो म्हणतो हेल्वीने इमेल शिकावी. हेल्वी अजून चर्चचा ऑर्गन शिकते आहे, साठ वर्षं झाली.

तुझ्या चौदा वस्तूंचं वाचलं. कायसा, तुझ्या आजोबांनी अकराशे चाळीस वस्तू मांडल्या आणि एकेक मी आजही डोळे मिटून काढून देते. एका वस्तूसाठी दुकानात कुणी येत नसतं गं! परवाच हेल्वी उंदराचा सापळा न्यायला आली. जाताना सापळा, सापळ्यात लावायला चीज, कंदिलाची वात, लोकरीची दोन बंडलं आणि भाच्याच्या लग्नाचं कार्ड घेऊन गेली. मी नुसते सापळेच विकत असते तर त्या भाच्याला कार्ड मिळालं असतं का? नुसती बादली विकायची म्हणजे घरी आलेल्या पाहुण्याला एकच खोली दाखवून वाटेला लावण्यासारखं झालं. मला नाही ते जमायचं.

आर्वो सातला येतो, आणि दोन कप कॉफी पिऊन जातो. तुला त्याच्या घड्याळाची एवढी काळजी का पडली ते कळलं नाही.

तुझ्यावर जीव आहे, अकलेबद्दल विचार चालू आहे.
लेम्पीआत्या

————

मिनिआपोलिस,
२ फेब्रुवारी

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

बरं बाई, तुझंही नाही आणि माझंही नाही. दोन्ही करू. मी इथून फक्त सौनाचं दुकान उघडते. तू तिथून अकराशे चाळीस वस्तूंचं उघड; कसं उघडायचं ते सोबतच्या आठ पानांवर चित्रं काढून लिहिलं आहे. दोन्हींवर नाव आपलंच, कांगासचं. बाबांना त्या दिवशी दोन्हींपैकी जे दिसेल ते आपलं. आतापासून तू आणि मी मात्र एकमेकींच्या वैरी.

एक सुचवते. प्रत्येक वस्तूखाली गिऱ्हाइकाला प्रश्न विचारायला एक चौकट ठेव. तुला बोलायला आवडतं, तेवढीच सोय.

आणि सात वाजताचं मी सहज विचारलं होतं. दोन कप, हे मात्र मी विचारलं नव्हतं.

जिंकल्यावरही तुझ्या पाया पडायला येणारी,
कायसा

————

कोस्कीला,
२५ फेब्रुवारी. दुकानाची खिडकी बर्फाखाली, दिवा लावून लिहिते आहे

चि. कायसास, अ. उ. आ.

झालं! दुकान उघडलं! अकराशे चाळीसच्या अकराशे चाळीस! फोटो आर्वोने काढले. बादल्या घडवून घडवून त्याचा अंगठा केवढा झालाय ते तू पाहिलंच आहेस, तो प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात आला आहे. मी म्हटलं पुन्हा काढू या. तो म्हणाला, असू दे, गिऱ्हाइकाला वस्तूच्या आकाराचा अंदाज येतो. मला पटलं.

तुझी ती चौकट मात्र भन्नाट आहे हो. लोक विचारतात! ओहायोच्या एका बाईने कंदिलाची वात किती वर ठेवावी विचारलं, तिला दीड पान लिहिलं. टेक्ससचे एक गृहस्थ फार चिडलेले. त्यांनी सौनाची बादली दुसऱ्याच कुठल्यातरी दुकानातून घेतलेली, ती चाळणीसारखी गळायला लागली, तर ती जाळून टाकू का म्हणून मला विचारतात. मी दुकान बंद केलं, कॉफी ओतून घेतली आणि त्यांना दोन पानं लिहिली. लाकडी बादली न वापरता पडून राहिली की गळणारच, त्यात रडण्यासारखं काय? आर्वो शेजारी बसून कडी कशी बसवायची ते सांगत होता आणि मी उतरवून घेत होते. तू म्हणशील, आपलं गिऱ्हाईक नव्हतं तर एवढे कष्ट कशाला? अगं, बादलीला काय माहीत ती कुणाकडून घेतली ते.

कामात बुडालेली, तरी तुझी आठवण काढणारी,
लेम्पीआत्या

————

कोस्कीला,
१६ मार्च, रविवार

चि. कायसा!!

अ. उ. आ., पण आधी हे वाच. पहिला नंबर! पहिल्या पानावर नाही, पहिल्या पानावरसुद्धा सगळ्यात वर! ‘सौना बादली’ टाकलं की आपलं दुकान, माझं, अकराशे चाळीसवालं, अंगठ्यासकट, सगळ्या जगाच्या डोक्यावर! सकाळच्या कॉफीला येणाऱ्या नऊही जणांनी आपापल्या डोळ्यांनी पाहिलं. आम्ही तीन आठवडे रोज सकाळी दुकानाच्या कॉम्प्युटरवर शोधत होतो. आधी सापडेच ना, पानं उलटून उलटून उघडायचो. मग रोज थोडं थोडं वर सरकायला लागलं, आणि आज टोकाला!

आज चर्चमध्ये पास्टरांनी अंत्यविधीच्या जेवणाची सूचना झाल्यावर लगेच ही बातमीसुद्धा वाचून दाखवली. हेल्वीने ऑर्गनवर असं काही वाजवलं की दोन माणसं उभी राहिली. मी चाळीस माणसांना पुरेल एवढा केक केला आणि त्याच्यावर बेदाण्यांनी भला मोठा एकचा आकडा काढला. आर्वोने दोन तुकडे खाल्ले आणि तो चक्क हसला. गेल्या निवडणुकीपासून तो हसला नव्हता.

तुझ्या चौदा वस्तू कुठपर्यंत आल्या गं? मनाला लावून घेऊ नकोस. तू अजून तरुण आहेस.

विजयी आणि तरीही प्रेमळ,
लेम्पीआत्या

————

मिनिआपोलिस,
२१ मार्च

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा फाडलं. केकचं वाचून मी ऑफिसात मोठ्याने हसले, आणि मग लगेच खरं काय ते तपासायला उठले.

आत्या, सर्च सगळ्यांना सारखं उत्तर देत नाही. जो माणूस एखादं दुकान रोज उघडतो, त्याला तो तेच दुकान आधी दाखवायला लागतो. याला हे आवडतं, असं त्याला वाटतं. तुम्ही नऊ जणांनी तीन आठवडे रोज एकाच कॉम्प्युटरवर आपलंच दुकान शोधून शोधून उघडलंत. त्याने तुमचं प्रेम ओळखलं आणि तुम्हाला तुमचंच दुकान वर आणून दाखवलं. फक्त तुम्हाला. मी इथे लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर जाऊन पाहिलं. तू अकराव्या पानावर आहेस. बाबांना मेसात असंच दिसेल.

आणि मी? मी चौथ्या पानावर. चौदा वस्तू, देखणे फोटो, एकातही अंगठा नाही, आणि कुणी कुत्रंसुद्धा विचारत नाही. एकाच गोष्टीचं दुकान काढलं की झालं, असं मला वाटत होतं. पण त्या एका गोष्टीबद्दल मी जे लिहिलंय ते आणखी शंभर दुकानांनी लिहिलेलं आहे. तेव्हा हसू नकोस, मीही तोंडावर पडले आहे.

पास्टरांना एवढ्यात काही सांगू नकोस.
रागावलीस तरी माझीच असलेल्या आत्याची,
कायसा

————

कोस्कीला,
२८ मार्च

चि. कायसास, आ.

पत्र पोचलं. कॉफीमंडळाला मी सांगितलं. हेल्वी म्हणाली की केक तरी खरा होता.

काल त्या स्नोमोबाइलवाल्याचा माणूस येऊन दुकानाची लांबी-रुंदी मोजून गेला. पोस्टाच्या काउंटरच्या जागी म्हणे तो शिरस्त्राणांची मांडणी करणार. मी त्याला कॉफी दिली, पण पाव दिला नाही. इतकं वाईट मी आजवर कुणाशी वागले नव्हते.

मला जायचं नाही गं. पत्रात थट्टा चालते म्हणून चालवून घेतली, पण खरंच नाही जायचं.

लेम्पीआत्या, पान अकरा

————

मिनिआपोलिस,
१२ एप्रिल

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

बसून वाच. उभी असशील तर आर्वोंचा हात धर. (तो जवळच असेल.)

तुझ्या पत्रानंतर मी शनिवार-रविवार दोन्ही दुकानांचा माग काढत बसले, कोण येतं, काय बघतं, किती वेळ थांबतं. माझ्या सुंदर चौदा वस्तूंवर माणूस वीस सेकंद थांबतो आणि पळतो. तुझ्या अकराशे चाळीसपैकी बहुतेकांवर कुणी फिरकतच नाही. पण एका जागी लोक नऊ नऊ मिनिटं बसतात, आत्या! ती जागा म्हणजे तू टेक्ससच्या गृहस्थांना लिहिलेलं उत्तर. ते गृहस्थ जाळायला निघाले होते ती बादली त्यांनी वाचवली, आणि सौनावेड्या मंडळींचा ऑनलाइन कट्टा असतो तिथे तुझं उत्तर लावलं. तिथून माणसं येताहेत, वाचताहेत, दुसऱ्यांना पाठवताहेत.

आणि तू ते कुठे ठेवलं आहेस माहीत आहे? ‘केरसुण्या व फडकी’ या विभागात. त्याच्या वर उंदराचे सापळे, खाली लग्नाची कार्डं. सर्च येतो, बघतो आणि गोंधळतो, की ही बाई सौनाची जाणकार आहे, का उंदरांची, का लग्नांची?

तर आता दोघींचं वैर पुरे. तू सौनावर लिहिलेलं सगळं मला माझ्या छोट्या दुकानात आणू दे. आणखी लिही. प्रश्न मी पाठवते, तू गिऱ्हाइकाला देतेस तशी उत्तरं दे, आर्वोंना शेजारी बसवून. सजवू नकोस, शुद्ध करू नकोस. मात्र तुझं मोठं दुकान ऑनलाइन बंद करावं लागेल. कोस्कीलातलं खरं दुकान आहे तसंच राहील, एक सापळाही हलणार नाही. फक्त जगाला आपण सौना सांगायचा, बाकी काही नाही. तुला हे जड जाईल हे मला कळतं.

उत्तराची वाट बघत दाराशी उभी असलेली,
कायसा

ता. क.: ६४० नंबरच्या फोटोतल्या किटलीत फोटो काढणाऱ्याचं प्रतिबिंब पडलं आहे. त्याने तुझा निळा एप्रन का घातला आहे?

————

कोस्कीला,
२१ एप्रिल. छपरावरून बर्फ गळतं आहे

चि. कायसास, अ. उ. आ.

बंद केलं. परवा सकाळी कॉफीमंडळ जमलं, मी एकेक विभाग पुसत गेले आणि सगळे टोप्या काढून उभे राहिले. कंदिलाच्या वातींपाशी मला भरून आलं. सापळे गेले तेव्हा हेल्वी म्हणाली, उंदरांच्या घरी आज केक असेल. मग सगळ्यांना जे हसू सुटलं ते थांबेना. आर्वोची कॉफी नाकातून आली.

तुझे बत्तीस प्रश्न मिळाले. रोज दोन लिहिते. तो बोलतो, मी लिहिते, आणि मधेच भांडतो. पळीचा दांडा बर्चचा असावा की अ‍ॅस्पेनचा यावर मंगळवार गेला. दोघांचंही लिहिलं आहे, लोकांनी ठरवावं. आमचं पटत नाही तेच वाचायला जास्त मजा येते असं तुला वाटलं, तर आणखी बत्तीस पाठव.

एप्रन मी दिला होता. त्याच्या शर्टावर डिंक सांडला होता. तुला दुसरं काही काम नाही का?

लेखनात गढलेली,
लेम्पीआत्या

————

मिनिआपोलिस,
१५ जून

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

तुला खोटं सांगणार नाही, बेदाण्यांचा केक एकदाच पुरे.

आपण खूप वर आलो. माझ्या आठ वर्षांच्या नोकरीत इतक्या लहान दुकानाला इतक्या भराभर चढताना मी पाहिलं नाही. आर्वोंच्या बादल्या ऑगस्टपर्यंत नोंदवून झाल्या आहेत. पण ‘सौना बादली’ असे नुसते दोन शब्द टाकले की आज आपण तेरावे आहोत. दुसऱ्या पानावर, वरून तिसरे. चार ठिकाणी, चार परक्या कॉम्प्युटरांवर जाऊन पाहिलं. वरच्या दहांत ती अवाढव्य दुकानं पाय रोवून बसली आहेत, आणि उरलेल्या पाच-सहा दिवसांत काही ती उठायची नाहीत. सहा महिने आणखी मिळाले असते तर!

बाबांना फोन करून मुदत मागू का? तू नको म्हणशील हे माहीत आहे. त्यांनी पैज अगदी इमानाने पाळली आहे. मी गमतीत एकदा विचारलं तर म्हणाले की मी तुमच्या दुकानाकडे वळूनही बघितलेलं नाही.

मी शुक्रवारी निघते. शेकोटीला तुझ्या शेजारी उभी राहीन, मग काय व्हायचं ते होवो.

तुझी आणि तुझीच,
कायसा

————

मेसा, अ‍ॅरिझोना,
१५ जून

ती. लेम्पीताईस,
रूडीचा सा. न. वि. वि.

मी पत्र लिहितो आहे हे बघूनच तुला कुणीतरी गेलं असं वाटेल. कुणी गेलेलं नाही. एक कबुली द्यायची आहे, आणि ती फोनवर देता येईना.

मार्चमध्ये मी इथे मागच्या अंगणात पिंपाच्या आकाराचा सौना बसवून घेतला. हस, पोटभर हस. बाहेर एकशेआठ फॅरनहाइट असतं आणि तुझा भाऊ आत जाऊन घाम काढतो. शेजारच्या बाईंनी मी बरा आहे ना म्हणून विचारायला माणूस पाठवला होता. कायसाला सांगितलं नाही, कारण दोन वर्षं मी तिला या उन्हाचं कौतुक ऐकवतो आहे.

सौनाबरोबर एका मोठ्या दुकानातून बादली मागवली होती, जिथे सगळं मिळतं तिथून. ती इतके दिवस कोरडीच पडून होती. काल शनिवार म्हणून पाणी भरलं, तर सगळ्या पट्ट्यांतून धारा लागल्या आणि एक कडं घसरून पायावर आलं. मी तिथेच बाकावर बसलो आणि, सांगायला लाज वाटते ताई, मला रडू आलं. मग आत जाऊन कॉम्प्युटरवर मनात होतं ते सगळं लिहिलं: ‘सौनाची लाकडी बादली कोरडी पडून गळते आता काय करू’. सगळ्यात वर एक पत्र आलं. कुणाचं आहे ते न बघताच वाचायला लागलो.

त्यात लिहिलं होतं, ‘बादली वाईट नाही हो. तिच्यात बरेच दिवस कुणी पाणी घातलं नाही, म्हणून ती आकसली आहे एवढंच. फेकू नका, जाळू नका, तिला रागावू नका. काठोकाठ भरा आणि ठेवून द्या. दिवसभर गळेल, गळू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी ती आपली आपण फुगून घट्ट बसेल. आणि मग दर शनिवारी तिला भिजवत जा, एवढंच तिचं मागणं आहे.’

‘रागावू नका’ पर्यंत येताच मला तुझा आवाज ऐकू आला. खाली नाव बघायची गरजच पडली नाही. लहानपणी माझा गुडघा फुटला की तू अशीच बोलायचीस.

तेव्हा पैज मी मोडली, एक आठवडा आधीच तुझं दुकान उघडून बसलो. नंतर ‘सौना बादली’सुद्धा टाकून पाहिलं. तुम्ही तेराव्या आहात, हिशेबाने मी जिंकलो. पण ‘सौना बादली’ असं विचारतो तो नुसता हिंडायला निघालेला असतो. ज्याची बादली खरोखर गळते आहे त्याने विचारलं, तर पहिली तू भेटतेस. मी दुकान विकणार नाही. त्या स्नोमोबाइलवाल्याला तसं कळवून टाकलं.

आणि ते जर्दाळू रंगाचं. मी सगळ्यांना म्हणायचो की लेम्पी एकटी आहे, तिची काळजी वाटते. तुझ्याकडे सकाळी नऊ माणसं कॉफीला असतात. माझ्याकडे, कायसाची आई गेल्यापासून, शनिवार कसा घालवायचा ते मला कळत नाही. ती खोली मी तुझ्यासाठी रंगवली नव्हती, माझ्यासाठी रंगवली होती.

आज सकाळी बादली पाहिली. एक थेंब गळत नाही. तरीही आर्वोच्या हातची एक हवी आहे, तुमच्या दुकानात रीतसर मागणी नोंदवली आहे, पत्ता मेसाचा घातला आहे. नंबर लागेल तेव्हा पाठव.

तुझा धाकटा,
रूडी

————

कोस्कीला,
२० जून. पहाटेपासून ऊन

चि. रूडीस,
अ. उ. आ. आणि एक धपाटा.

तुझं पत्र काउंटरवर मीच शिक्का मारून मीच उघडलं, आणि मग सकाळच्या कॉफीला सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. तू रडलास तो भाग गाळला. हेल्वीला तो नंतर एकटीला वाचून दाखवला, कारण तिने सांगितलं की मी काहीतरी गाळलं आहे. कायसा आत्ताच गाडीतून उतरली. तिला वाचायला दिलं तर ती दुकानाच्या मधोमध उड्या मारायला लागली आणि वातींचा डबा खाली पाडला. आर्वो वाती वेचतो आहे. त्याच्याबद्दल काय ते तू समोर बसल्यावर सांगेन, असल्या गोष्टी पत्रात लिहायच्या नसतात.

तुझी मागणी मिळाली. सहा महिने मी आणि ही पोरगी एकेका मागणीसाठी जिवाचं रान करतो आहोत, आजवर एकही परत पाठवली नव्हती. तुझी रद्द केली आहे.

मेसाला माल पाठवला जात नाही. बादली तयार आहे, काउंटरच्या मागे पाण्याने भरून ठेवली आहे. स्वतः येऊन घेऊन जा. दर शनिवारी सौना सहा वाजता तापतो, तुझी जागा खिडकीकडची.

वाट बघते,
लेम्पी